चारपासून मोजणारा भिकन नाना

तुम्ही कधी कुणाला चोर म्हटलंय का? मनातल्या मनात नव्हे, पाठीमागेही नव्हे. तोंडावर, चारचौघांत, हातात माइक घेऊन?

मी म्हटलंय. आणि माझा आवाज कसा आहे ते तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारा. मी जिना चढायला लागले की साहेब दौऱ्यावर निघतात.

पण हे लिहिणं माझ्यावर नाही. हे आमच्या गल्लीतल्या भिकन नानांवर आहे. मी मध्येमध्ये येणार, कारण मी नसते तर नानांना घराबाहेर पडायची वेळच आली नसती. त्यांचं शहाणपण माझ्या मूर्खपणामुळे उजेडात आलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा नीट वाचा.

आमचं गाव धुळ्याहून सातपुड्याकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण आमच्या सरपंचांना वर्तमानपत्रात नाव आलेलं आवडतं.

नानांच्या आधी त्यांच्या आईची दोन लेकरं गेली होती. तिसरं झालं तेव्हा आजीनं ते शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि पुन्हा पदर पसरून भीक मागून परत घेतलं. म्हणून भिकन. यमानं यादी वाचताना असल्या नावाशी थांबू नये, एवढाच हिशेब. यम थांबला नाही, पण शाळाही थांबली नाही, ती नववीत पुढे निघून गेली. भिकन जळगावला तेलाच्या कारखान्यात सरकीची पोती वाहायला लागला. मेहरूणला खोली, दोन्ही खांद्यांना गाठी, आणि पुष्पाबाईंशी लग्न.

कारखान्यात एकदा तेलाच्या टाकीचा आकडा बिघडला. गुजरातहून एक साहेब आला. त्याला बॅटरी धरायला माणूस हवा होता. सगळे जेवायला गेलेले, भिकन तेवढा पोत्यावर बसलेला. बॅटरी धरता धरता त्यानं विचारलं, हे काय आहे. साहेब म्हणाला, टाकीत किती तेल आहे ते ह्या दोन तारांतून करंटच्या रूपानं खोलीपर्यंत येतं. अगदी बारीक करंट, मिलीअँपिअरमधला. टाकी रिकामी असली की चार, भरली की वीस.

भिकननं विचारलं, "रिकामी असली तर शून्य का नाही?"

साहेबानं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं म्हणे. म्हणाला, "तार तुटली तरी शून्यच येईल ना? मग टाकी रिकामी आहे की तार तुटली, तुला कसं कळणार? म्हणून रिकाम्यालाही चार द्यायचे. चार म्हणजे, मी हजर आहे, माझ्याजवळ काही नाही. शून्य म्हणजे, मी हजरच नाही."

ह्या एका प्रश्नावर भिकन पोत्याखालून बाहेर आला तो कायमचा. साहेबानं मालकाला सांगून त्याला इन्स्ट्रुमेंट खात्यात घ्यायला लावलं. पुढची एकतीस वर्षं नानांनी तारा, प्रेशर, तापमान आणि टाक्या सांभाळल्या. निवृत्त होऊन गावी आले ते एक पिवळा मल्टिमीटर घेऊन. त्याला पुष्पाबाईंनी जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवलीय, नाडीची. दसऱ्याला लोक ट्रॅक्टरला हार घालतात, नाना मीटरला नवीन सेल घालतात.

इथवर ठीक होतं. पण नाना त्या चार ते वीसमधून बाहेरच आले नाहीत. दुनियेतली कुठलीही गोष्ट ते त्याच मापानं मोजतात. पुष्पाबाईंनी शेवभाजी पुढे ठेवली की एक घास घेऊन म्हणणार, "चौदा." मिरची जास्त झाली तर "अठरा." एकदा वांग्याच्या भरतात हिरव्या मिरच्यांचा हात सैल सुटला, तेव्हा नाना तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "बावीस. मापना बाहेर गयं."

पुष्पाबाई माझ्याशी बोलताना डोळ्याला पदर लावतात. "चाळीस वरीस व्हई गयात, रत्ना. ह्या मानूसनी एक डाव तरी 'चांगलं शे' म्हनं का? आकडा सांगस आनि हात धुई टाकस."

"वीस कधी मिळाले का?"

"एकच डाव. पहिली आंडेर, पोरगी, व्हयनी तवय. दवाखानामा येईसन देखं आनि बोलना, 'वीस.' नर्सले वाटनं, बिलना आकडा शे. ती बोलनी, काका, वीस हजार नाही होत, नॉर्मल आहे."

धुळ्याच्या डॉक्टरनं गुडघा दाबून विचारलं, "दुखणं किती आहे? दहापैकी?" नाना म्हणाले, "चारपासून मोजू का?" डॉक्टर म्हणाला, मोजा. नाना म्हणाले, "अकरा." डॉक्टरनं चिठ्ठीवर गुडघ्याच्या गोळीखाली झोपेची गोळीही लिहिली.

भावकीत भांडण झालं की नाना मिटवायला जात नाहीत, माप घेऊन येतात. "मोठा भाऊ शिव्या दी ऱ्हायना, म्हंजे दहा शे, काळजी नही. धाकला बोलतच नही. तठे शून्य शे. तार देखनी पडी." आणि मग धाकट्याकडे जाऊन बसतात. हे मात्र खरं, की त्यांचं निदान चुकत नाही. पण गाव हसतं. मीही हसायची. येडं झालंय म्हातारं, म्हणायची. माणूस एकाच बोलीत बोलत राहिला की आपण ऐकायचं सोडून देतो, ही आपली खोड.

आता टाकीकडे येते.

गावात एक लाख लिटरची उंच टाकी आहे. खालीच बोअर आणि पंपाची खोली. आधी टाकीवर दोरीला बांधलेला ठोकळा होता, पाण्याबरोबर वरखाली व्हायचा. तो कुजून पडला तेव्हापासून वॉलमन पुना सगळं बघायचा. पुना म्हणजे खाकी शर्ट, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि खिशात एक गोल दगड. तो टाकीच्या उतरत्या लोखंडी पाइपावर दगड ठोकायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "अर्धी शे." अर्धीच असायची.

मग सुधारणा आली. नव्या योजनेत टाकीत सेन्सर, खाली पेटीत लाल आकड्यांचा मीटर, आणि पंप ऑटोमॅटिक. टाकी पंधरा टक्क्यांवर आली की पंप आपोआप चालू, शंभरवर गेली की बंद. उद्घाटनाला पेढे वाटले. पुनाला सांगितलं, आता तू फक्त व्हॉल्व्ह फिरवायचे, पंपाला हात लावायचा नाही.

भिकन नाना त्या दिवशी मल्टिमीटर घेऊन गेले होते, धुतलेला शर्ट घालून. ठेकेदाराचा तरुण इंजिनिअर मीटर बसवत होता. नानांनी वाकून विचारलं, "इनपुट कितीवर ठेवलं?"

तो म्हणाला, "काका, बाजूला व्हा. करंट आहे."

झालं. नाना तसेच फिरले. घरी येऊन पिशवीची नाडी गच्च आवळली. "माले सांगस, करंट शे! एकतीस वरीस त्या करंटनी भाकर खादी मी!" त्या दिवसापासून नानांनी टाकीच्या बाजूचा रस्ताच सोडला. दळणाला जायचं तरी मारुतीमागून वळसा घालून जायचे. आठ महिने.

ह्या आठ महिन्यांत मी एक मोठा घोटाळा शोधून काढला.

मी सातवीपर्यंत शिकले, पण माहितीचा अधिकार मला कलमासकट पाठ आहे. माझ्या लक्षात आलं, की नळ कोरडे पडले तरी मीटरवर वीस टक्के दिसतात. रोज. कधी एकोणीस नाही, कधी अठरा नाही. टाकी भरली की बरोबर शंभर दाखवतो, म्हणजे मीटर खोटा नाही. मग शेवटचं वीस टक्के पाणी जातं कुठे? एक लाखाचे वीस टक्के म्हणजे वीस हजार लिटर. आणि गावात टँकर किती? दोन. प्रत्येकी दहा हजार लिटरचे!

गणित इतकं चपखल बसलं, की मी देवापुढे साखर ठेवली. आता वाटतं, इतकं चपखल बसलेलं गणित दिसलं की माणसानं आधी पाणी प्यावं आणि मग पुन्हा मांडावं. पण पाणीच कुठे होतं?

पुढे पुरावेही येत गेले. आषाढात वानरं टाकीवर नाचून गेली, आणि दोन दिवस मीटरनं शून्य दाखवलं. त्याच दोन दिवसांत टाकी भरून अशी वाहिली, की खालच्या गल्लीत म्हशी बसल्या. मीटर शून्य आणि टाकी ओसंडतेय! मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं, 'मीटर बंद करून पाण्याची विल्हेवाट.' शेवटचा पुरावा माझ्या डोळ्यांचा. पहाटे शेण टाकायला गेले तर पुना पंपाच्या खोलीत, दिवा न लावता, चोरपावलानं शिरताना दिसला. ज्याला पंपाला हात लावायला बंदी आहे तो माणूस!

'पुना पाणीचोर आहे' अशा कागदावर दोनशे चौदा सह्या मी एका दिवसात गोळा केल्या.

कानबाईच्या आधीचा शुक्रवार. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. सुरत, पुणे, नाशिक, जिथे कुठे गावचा माणूस असेल तिथून येतो, दिवाळीला नाही आला तरी ह्याला येतोच. घरं सारवलेली, नैवेद्याच्या रोटाचे गहू दळून आलेले, गल्लीत चारचाक्या. असा भरलेला गाव बघून मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माइक लावला.

पुना समोर उभा होता. म्हणाला, "आक्का, मी पानी इकं नही. पंप आपेआप चालू व्हस नही, म्हनीसन मी चालू करस. मीटरवाला सायेबले सांगं व्हतं, त्यानी आयकं नही."

"ऑटोमॅटिक पंप आपोआप चालू होत नाही?" मी माइकवर म्हटलं. "ऐकताय का गाववाले? उद्या म्हणशील, सूर्यही मीच काढतो!"

लोक हसले. पुनानं चाव्या काढून पुढे धरल्या. मी त्या हातात घेऊन वर उचलल्या आणि म्हटलं, "हा बघा पाणीचोर!" सुरतेच्या पाहुण्यांचे मोबाइल वर झाले. सरपंच म्हणाले, मंगळवारी ग्रामसभा घेऊ, पुनाला कामावरून काढायचा ठराव करू, तोवर चाव्या आक्कांकडे राहू द्या. मी जुडगा कमरेला खोचला. झाशीच्या राणीच्या कमरेला तलवार असेल, तशी चालत घरी आले.

नाना त्यांच्या ओट्यावर बसले होते. मी मुद्दाम चाव्या वाजवल्या.

"मीटरवर किती दिसतंय?" त्यांनी विचारलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"आता भरलीय, शंभर. पण रिकामी झाली तरी वीसच्या खाली जात नाही. हाच तर घोटाळा आहे, नाना."

नाना बोटांवर मोजायला लागले. मग पुटपुटले, "रिकामीले वीस टक्का... म्हंजे चार." आणि आत गेले. मी पुष्पाबाईंना खुणेनं विचारलं, बरं आहे ना ह्यांना?

शनिवारी पाहुण्यांनी अंघोळी केल्या, गाड्या धुतल्या, रोटासाठी चुली सारवल्या. मी टाकीच्या खोलीला कुलूप लावून चावी कमरेलाच ठेवली. एक मुंगी आत जाऊ दिली नाही. रविवारी सकाळी नळ सुटला तो नुसता फुसफुसला.

घरोघरी कानबाई बसायची होती, आणि हंडे कोरडे. अर्ध्या तासात सगळं गाव टाकीखाली. मी कुलूप उघडलं. मीटरवर लाल आकड्यांत, ठाम, वीस.

"वीस टक्के आहे अजून!" मी ओरडले. "पुनानं खालून काहीतरी करून ठेवलंय!"

तेव्हा भागाबाई पुढे आली. ही आमच्या गावात कोंबडीपेक्षा आधी उठते आणि कुणाला घाबरत नाही. रिकामा हंडा कमरेवर, नजर माझ्या कमरेच्या जुडग्यावर. म्हणाली, "आक्का, दोन दिवसफाईन चाव्या तुन्हा कंबरले शेत. मंग आते ते वीस टक्का तूच लई गयी का?"

हशा पिकला. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर असा हशा पिकला नव्हता. मी कोणाला काय बोलावं ह्याचा विचार करत होते, आणि खरं सांगते, भागाबाईच्या बोलण्यात चूक कुठे आहे तेच मला सापडत नव्हतं. माझंच गणित होतं ते. फक्त पुनाच्या जागी मी.

गर्दीत मागून आवाज आला, "सरका." भिकन नाना. गळ्यात नाडीची पिशवी. पुना लांब चिंचेखाली उभा होता, त्याला त्यांनी हात करून बोलावलं. "तू आठे ये. हाई तुन्ही खोली शे."

नानांनी पहिलं काम काय केलं असेल? पंपाचा खटका फिरवून 'बंद'वर ठेवला. म्हणाले, "आधी हाऊ. नही ते तार सोडी का पंप सुटी." कोणाला काही कळलं नाही. मग त्यांनी मीटरच्या मागची एक बारीक तार सोडवली. लाल आकडा वीसवरून धाडकन शून्यावर आला.

"कुठे गेलं पाणी?" सरपंच दचकले.

"पानी तठेच शे, नही ते नही शे. मी तार सोडी." नानांनी आपला पिवळा मीटर त्या तारेच्या मध्ये जोडला. लाल आकडा परत वीस. आणि नानांच्या मीटरवर, चार पूर्णांक शून्य.

"चार," नाना म्हणाले. "टाकी कोरडी ठन्न शे."

मी कशी गप्प बसेन? "नाना, तुमचा मीटर तेलाच्या कारखान्यातला, जुना. सरकारी मीटर वीस म्हणतोय."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रत्ना, तुले चढता येस ना?"

"येतं की."

"मंग चढ. देखी ये."

टाकीची शिडी गंजलेली, साठ फूट उंच. पुना सोडून त्या शिडीवर कोणी पाय ठेवत नाही, आणि पुनाचा शब्द तर मीच खोटा ठरवला होता. दोनशे माणसं बघताहेत. सुरतेचे मोबाइल पुन्हा वर. मी पदर खोचला आणि चढले. विसाव्या पायरीवर कानबाईला नवस बोलले, चाळिसाव्या पायरीवर सासूची माफी मागितली. वर पोचून झाकण सरकवलं, आत डोकं घातलं.

"काय शे?" खालून नाना.

आत तळाला ओला गाळ, वानरानं टाकलेलं अर्धं कणीस, आणि लोंबणारी सेन्सरची काळी केबल. बाकी माझाच आवाज घुमून परत आला. "काही नाही!"

"मोठ्यानं बोल!" भागाबाई ओरडली. "माइकवर बोलस तशी!"

"टाकीत काही नाही!"

खाली पेटीत मीटर म्हणत होता, वीस टक्के.

मी शिडी उतरून आले. नाना तोवर पुनाला समजावत होते, आणि गर्दी कान देऊन ऐकत होती. आजवर हसलेलं गाव. शाळेत मास्तर हजेरी घेतो, नाना म्हणाले. पोरगं 'हजर' म्हणतं, ते झाले चार. पुढे त्याला मार्क किती पडतात ते चारच्या वर मोजायचे, वीसपर्यंत. सेन्सर बिचारा चारवर म्हणतोय, मी हजर, पोट रिकामं. पण बसवणाऱ्यानं मीटरला सांगून ठेवलंय, शून्यापासून मोज. मग मीटर म्हणतो, वीसपैकी चार आले, म्हणजे वीस टक्के! भरल्यावर वीसपैकी वीस, ते बरोबर शंभर. म्हणून कुणालाच शंका नाही. हजेरीचे मार्क पेपरात धरले, एवढीच गोष्ट.

"म्हंजे," पुना सावकाश म्हणाला, "पंधरावर पंप चालू व्हवाना व्हता..."

"...आनि मीटर वीसना खाले कधी उतरतच नही. पंप जनमभर वाट देखी."

सगळे पुनाकडे बघायला लागले. म्हणजे आठ महिने, रोज पहाटे, बंदी असताना, ओरडा खाऊन, हा माणूस हातानं पंप चालू करत होता. दिवा न लावता, कारण दिवा दिसला तर नोकरी जायची. आणि मी चाव्या घेतल्या त्या दिवसापासून पंप एकदाही चालला नव्हता.

"आणि आषाढात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ माझं ऐकत नाही. "शून्य दाखवत होता, आणि टाकी वाहत होती?"

नाना केबल हातात धरून तिच्या मागोमाग गेले. भिंतीजवळ एक जोड होता, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. "वानरनी तार तोडी. शून्य व्हयनं. शून्य पंधरापेक्षा कमी, म्हनीसन पंप सुटना. तो बंद कसाले व्हई? मीटर शून्यच दखाडी ऱ्हायना." मग त्यांनी जोड बोटांनी चाचपला. "हाऊ जोड कोनी मारा?"

पुना खाली बघत म्हणाला, "मी. हातवरीच पीळ दिधा."

नानांनी जोड ओढून पाहिला. सुटला नाही. "अठरा," ते म्हणाले.

पुनाला तो आकडा कळला. मी पाहिलं, त्यानं खाकी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

मग नानांनी मीटरची बटणं दाबायला घेतली. सरपंच म्हणाले, "नाना, त्याला पासवर्ड आहे. इंजिनिअरला फोन लावावा लागेल."

"खोकामाईन उना तोच पासवर्ड व्हई," नाना म्हणाले. "तो बदलानी अक्कल व्हती ते बाकीनंबी बदलं नसतं का?" चार वेळा एकच बटण दाबलं आणि मीटर उघडला. शून्य ते वीस होतं तिथे चार ते वीस केलं. लाल आकडा वीसवरून घसरला, आणि शून्यावर येऊन थांबला. ह्या वेळी खराखुरा शून्य.

"पुना, आते खटका ऑटोवर कर. तूच कर."

पुनानं खटका फिरवला. पेटीत खट्ट झालं आणि पंप आपोआप गरजला. जमिनीखालून पाणी पाइपात चढायला लागलं, आणि दोनशे माणसं एका आवाजात ओरडली, "कानबाई माय की जय!"

नाना चिडले. "कानबाईनी काय करं? तिसरा पर्याय शे मेनूमा! मी निवडा!" पण कोण ऐकतंय? बाया पंपालाच हळदकुंकू लावायला धावल्या. नाना मीटरपुढे हात पसरून उभे राहिले. "पंपले लावा, माय! आठे नको! कुंकूवरी करंट गळस!" पुष्पाबाई मागून म्हणाल्या, "ह्याच मानूसले लावा मंग," आणि नानांच्या कपाळावर मळवट भरला.

पुनानं पाइपावर दगड ठोकला, कान लावला. "चढी ऱ्हायनं." तासाभरानं नळाला पाणी आलं. कानबाई बसल्या, रोट झाले.

त्या दिवशी नाना ओट्यावर एकटे बसलेले दिसले. मी जाऊन बसले. म्हटलं, "नाना, आठ महिन्यांपूर्वीच सांगायचं होतं."

"सांगनं व्हतं," ते म्हणाले. "त्या पोऱ्यानी एक शब्दवरी माले राग उना, मी रस्ता सोडी दिधा. शुक्रवारबी आकडा आयका आनि घरमा जाई बसनू. जवळ सगळं व्हतं, करं काहीच नही. मीबी चारवरच बशेल व्हतू, रत्ना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आनि तू तेवीस व्हती."

मंगळवारी ग्रामसभा झाली. ठराव तोच, फक्त उलटा: पुनाला कामावर कायम ठेवायचं आणि पंपाची जबाबदारी लेखी द्यायची. मी माइक हातात घेतला. "मी रत्ना, ह्या गावासमोर सांगते, की पुनानं पाणी चोरलं नाही. मी खोटं बोलले." माइकमधून आवाजच गेला नाही. मी हलवला, फुंकला, आपटला.

"शून्य," नाना पहिल्या रांगेतून म्हणाले. "तार तुटनी." उठले, पिन उघडली, तार पिळली, परत दिली. "आते बोल."

"बोलले की मी."

"आमले आयकू उनं नही," भागाबाई म्हणाली. आणि मला ते पुन्हा, पहिल्यापासून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा माफी मागणं किती जड असतं ते मागून पाहा. खाली उतरले तेव्हा नाना म्हणाले, "सोळा." मी जन्मात कुठल्या शाबासकीवर इतकी फुगले नव्हते.

त्यानंतर मी दुसरा कागद काढला, पहिला कागद चूक होता म्हणून. त्यावर त्याच दोनशे चौदा सह्या हव्या होत्या. चोर म्हणायला एक दिवस लागला होता, चोर नाही म्हणायला अकरा दिवस लागले. कोणी म्हणे, "आक्का, मागची सही कशावर होती ते तरी कुठे वाचलं होतं?" कोणी म्हणे, राहू द्या, झालं गेलं. नाही राहू दिलं. दारात बसून राहिले. दोनशे चौदा पुऱ्या केल्या.

पण एक गोष्ट माझ्याच्यानं परत आणता येत नाही. पुनाची मुलगी डिंपल धुळ्याला शिकते. तिच्या मैत्रिणीनं तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, हे तुझे पप्पा ना गं? तो शुक्रवारचा व्हिडिओ आहे. सुरतेहून निघाला, पुण्याला गेला, कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतोय. मी टाकीवर चढले त्याचाही व्हिडिओ काढला होता, तो मात्र कोणी पुढे पाठवला नाही. त्यात चोर नाही ना.

म्हणून तुम्हाला सांगते. एक्केचाळीस सेकंदांचा आहे. खाकी शर्टातला एक बारीक माणूस चाव्या पुढे करतोय, आणि एक बाई ओरडतेय, 'हा बघा पाणीचोर!' आवाज माझा आहे. तो तुमच्या मोबाइलमध्ये आला असेल, तर आत्ता हे वाचून होताच शोधा आणि पुसा. ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला फोन लावून सांगा, त्या माणसाचं नाव पुना आहे आणि आठ महिने त्यानंच गावाला पाणी पाजलं. तेवढा एक फोन करा.